वाफेच्या इंजिनाच्या चाकाबाहेरचे ते बारके दांडे नेमकं काय करतात?

नात_भुसावळची

माझे आजोबा भुसावळच्या लोको शेडमध्ये फिटर होते. आई सांगते, इंजिन शेडमधून बाहेर पडायला लागलं की हातातलं काम न थांबवता ते कान देऊन ऐकायचे. चार ठोके सारख्या अंतरावर पडले तर काहीच बोलायचे नाहीत. एखादा ठोका लंगडला, की क्रँक (दट्ट्याची चाल चाकाला देणारा हात) त्या वेळी कुठे आहे ते बघायचे आणि सांगायचे, "डाव्या सिलेंडरची मागची बाजू बघा." लोक इंजिनाला छुकछुक म्हणतात. आजोबांसाठी ती छुकछुक म्हणजे नाडी होती.

गेल्या महिन्यात भाच्याला घेऊन चौथऱ्यावर ठेवलेलं एक डब्ल्यूपी (ब्रॉडगेजच्या प्रवासी गाड्यांचं) इंजिन बघायला गेले. त्याने विचारलं, "आत्या, मोठा दांडा चाक फिरवतो ते कळलं. मग वरचे हे बारके दांडे कशाला?" मी मेकॅनिकल इंजिनिअर असूनही माझं उत्तर अडखळत आलं. घरी येऊन कागदावर आकृत्या काढत बसले. आता नीट सांगता येईल असं वाटतंय, म्हणून हा धागा.

आधी अडचण काय आहे ते बघू. सिलेंडरमध्ये दट्ट्या मागेपुढे जातो. दट्ट्या मागे ढकलायचा तेव्हा पुढच्या बाजूने वाफ आत यायला हवी आणि त्याच वेळी मागची वापरून झालेली वाफ बाहेर पडायला हवी. पुढच्या अर्ध्या फेऱ्यात सगळं उलट. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात एक सिलेंडर दोनदा वाफ घेतो. सिलेंडर दोन, त्यांचे क्रँक एकमेकांशी काटकोनात. म्हणून एका फेऱ्याला चार ठोके.

डब्ल्यूपीची चालकं चाकं ६७ इंच व्यासाची. ताशी ६० मैल वेगाला ती सेकंदाला जवळपास पाच फेरे मारतात, म्हणजे सेकंदाला वीस ठोके. धावेच्या, म्हणजे दट्ट्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच्या प्रवासाच्या, पहिल्या चतुर्थांशातच वाफ आत घ्यायची असेल, तर त्यासाठी क्रँकचा फक्त ६० अंशांचा प्रवास हाताशी असतो. वेळ किती? एका सेकंदाचा तिसावा भाग. एवढ्या वेळात वाट उघडायची आणि बंदही करायची. बिघाड न होता, तासन्‌तास, धुळीत आणि उन्हात. आणि हे सगळं फक्त दांडे आणि पिनांच्या जोरावर.

आता पहिल्याच चतुर्थांशात का? माझ्या मते सगळ्या विषयाचा गाभा इथे आहे. धाव संपेपर्यंत वाफ सोडत राहिलं तर ताकद सगळ्यात जास्त मिळते, पण सिलेंडरभर पूर्ण दाबाची वाफ तशीच धुराड्यातून बाहेर जाते. त्याऐवजी पाव धाव झाल्यावर वाट बंद केली, तर आत कोंडलेली वाफ प्रसरण पावत उरलेली पाऊण धाव दट्ट्याला ढकलते. साधा बॉइलचा नियम लावून हिशेब केला (सिलेंडरच्या टोकांची मोकळी जागा, थंड भिंती वगैरे सोडून), तर पाव वाफेत पूर्ण वाफेच्या जवळपास ६० टक्के काम मिळतं. वाट बंद करण्याच्या या क्षणाला कट-ऑफ म्हणतात आणि तो धावेच्या टक्क्यांत मोजतात. गाडी हलवताना ७५–८० टक्के, वेग आल्यावर २०–२५ टक्के.

म्हणजे व्हॉल्व्ह गिअरला, म्हणजे झडप हलवणाऱ्या या बारक्या दांड्यांना, तीन कामं एकदम करायची आहेत. दट्ट्याच्या चालीशी वेळ जुळवून झडप हलवायची. कट-ऑफ ड्रायव्हरच्या हाताने, चालत्या गाडीत, कमीजास्त करू द्यायचा. आणि इंजिन उलटंही चालवायचं.

झडपेबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. झडप मधोमध असताना ती पोर्ट, म्हणजे सिलेंडरकडे जाणारी वाफेची वाट, जेमतेम झाकत नाही, कडेपलीकडे थोडी जास्तच पसरलेली असते. त्या जास्तीच्या भागाला लॅप म्हणतात. लॅप नसेल तर वाफ कोंडून प्रसरण पावू देणंच शक्य नाही, कारण एक वाट बंद होताच दुसरी उघडेल. दुसरा शब्द लीड. दट्ट्या टोकाला पोचून क्षणभर थांबतो, तेव्हाच पोर्ट किंचित उघडलेलं असावं लागतं, म्हणजे परतीच्या धावेला वाफ आधीच हजर असते. ते किंचित उघडलेपण म्हणजे लीड.

आता दांड्यांकडे येऊ. डब्ल्यूपीवर वॉलशार्ट्स गिअर आहे. त्याची युक्ती अशी, की झडपेची चाल दोन चालींची बेरीज आहे.

पहिली चाल क्रॉसहेडकडून (दट्ट्याच्या दांड्याच्या टोकाचा मागेपुढे सरकणारा ठोकळा), म्हणजे थेट दट्ट्याकडून येते. क्रॉसहेडला खाली जोडलेला एक उभा दांडा दिसेल, तो कॉम्बिनेशन लिव्हर. त्याचं वरचं टोक जवळपास स्थिर धरलं, तर खालचं टोक दट्ट्याबरोबर पूर्ण धावेचे २८ इंच सरकतं आणि वरच्या टोकाजवळची झडपेची पिन त्या मानाने अगदी थोडी हलते. समजा लॅप दीड इंच आणि लीड पाव इंच हवा आहे. दोन्ही मिळून पावणेदोन, दोन्ही बाजूंना मिळून साडेतीन इंच. २८ भागिले साडेतीन, आठ. म्हणजे लिव्हरचे भाग एकास आठ या प्रमाणात ठेवले, की दट्ट्या टोकाला असताना झडप बरोब्बर लॅप अधिक लीड एवढी सरकलेली असणार. कायम.

दुसरी चाल चाकाकडून येते. मुख्य क्रँकपिनवर बाहेरून एक छोटा आडवा क्रँक बसवलेला असतो, तो रिटर्न क्रँक. त्याची पिन मुख्य क्रँकशी साधारण काटकोनात असते, म्हणून त्याची चाल दट्ट्याच्या चालीपासून पाव फेरा पुढे किंवा मागे. त्यातून निघालेला दांडा एका वक्र खाचेच्या लिंकला झुलवतो. लिंक मधल्या टेकूवर झुलते: वरचं टोक पुढे तर खालचं मागे. खाचेत एक ठोकळा सरकतो, त्याला डाय म्हणतात. डायला जोडलेला लांब दांडा, म्हणजे रेडियस रॉड, ही चाल कॉम्बिनेशन लिव्हरच्या वरच्या टोकाला देतो.

ड्रायव्हरचा रिव्हर्सर फक्त एवढंच करतो की डायला लिंकमध्ये वर किंवा खाली सरकवतो. तळाशी असेल तर झडप मोठी चाल करते, कट-ऑफ उशिरा, इंजिन पुढे. मध्याच्या जवळ आणला तर चाल लहान, कट-ऑफ लवकर. मध्य ओलांडून वर नेला तर चालीची दिशाच उलटते आणि इंजिन मागे. एका हातात ताकद, काटकसर आणि दिशा.

आजोबांची एक चाचणी आईला अजून आठवते. इंजिन डेड सेंटरवर आणायचं, म्हणजे दट्ट्या अगदी टोकाला. मग रिव्हर्सर पूर्ण पुढून पूर्ण मागे न्यायचा आणि झडपेच्या दांड्यावर बोट ठेवायचं. दांडा हलता कामा नये. आईला वाटायचं ही काही जादू आहे. कारण आता मला कळलं. लिंकची वक्रता रेडियस रॉडच्या लांबीएवढ्या त्रिज्येची असते आणि डेड सेंटरला लिंक मध्यस्थितीत असते. डाय वरखाली सरकला तरी रॉडचं दुसरं टोक जागचं हलत नाही. हललंच, तर कुठला तरी दांडा लांबीला चुकला आहे किंवा रिटर्न क्रँक फिरला आहे.

ज्यांनी ही इंजिनं हाताळली आहेत त्यांनी जरूर लिहा. चुका असतील तर दुरुस्त करा.

---

वळणावरचा_सिग्नल

फार सुंदर लिहिलंय. पाव वाफेत ६० टक्के काम हे वाचून थांबलो आणि पुन्हा वाचलं.

एक शंका. डाय बरोबर मधोमध आणला तर झडप हलायची थांबते का? म्हणजे तो रिव्हर्सरचा न्यूट्रल म्हणायचा?

---

नात_भुसावळची

नाही, आणि माझाही आधी तोच समज होता. डाय मध्यावर असताना दुसरी चाल शून्य होते, पण क्रॉसहेडची चाल कुठे जाते? ती कॉम्बिनेशन लिव्हरमधून येतच राहते. झडप दोन्ही बाजूंना लॅप अधिक लीड एवढी हलते, म्हणजे धावेच्या टोकाला पोर्ट लीडपुरतं उघडतंच. रेग्युलेटर (बॉयलरमधून सिलेंडरकडे वाफ सोडणारी मुख्य झडप) उघडा असेल तर थोडी वाफ आत जाणार. म्हणून उभ्या इंजिनात मधला गिअर पुरेसा मानत नाहीत. रेग्युलेटर बंद, गिअर मध्यावर, ब्रेक लावलेला आणि सिलेंडरचे ड्रेन कॉक उघडे, असं सगळं एकत्र.

---

शेड_नंबर_चार

नमस्कार. मी १९७८ साली खलाशी (शेडमधला मदतनीस) म्हणून लागलो, मग फायरमन झालो, पुढे डिझेलवर गेलो. डब्ल्यूजी (मालगाडीचं इंजिन) आणि डब्ल्यूपी दोन्हींवर कोळसा टाकला आहे. ताई, तुमच्या आजोबांसारखे फिटर होते म्हणून आमच्या पाठी वाचल्या, हे मनापासून सांगतो.

तुम्ही कट-ऑफ ड्रायव्हरच्या बाजूने लिहिला. फायरमनच्या बाजूने सांगतो. सिलेंडरमधून सुटलेली वाफ धुराड्याखालच्या ब्लास्ट पाइपमधून वर जाते आणि तीच आगीला हवा ओढते. ड्रायव्हरने गिअर लांब, म्हणजे कट-ऑफ उशिरा ठेवला की वाफ जास्त दाबाने सुटते, ठोका तोफेसारखा, आणि शेगडीवरचा थर उचलला जातो. बारीक कोळसा न जळताच धुराड्यातून उडतो. आगीत भोकं पडतात, भोकातून थंड हवा शिरते, प्रेशर उतरतं, आणि मग फावडं थांबत नाही. चांगला ड्रायव्हर गाडीने वेग घेतला की एकेक टप्पा गिअर मागे, मध्याकडे घ्यायचा. ठोका मऊ व्हायचा. आग पांढरी शांत जळायची. तेव्हा कुठे फायरमन कपाळाचा घाम पुसायचा.

दिवसभर कोणाबरोबर ड्यूटी लागली आहे हे पहिल्या दोन मैलांत ठोक्यावरून कळायचं.

---

गणितवेडी

काकांचा प्रतिसाद जपून ठेवावा असा आहे.

मूळ लेखात थोडी भर. "दोन चालींची बेरीज" हे शाळेतल्या त्रिकोणमितीने अगदी नेटकं दिसतं. क्रँकचा कोन θ धरा. क्रॉसहेडची चाल कोसाइनच्या प्रमाणात, रिटर्न क्रँकची साइनच्या प्रमाणात. झडपेची जागा म्हणजे अ गुणिले कोसाइन अधिक ब गुणिले साइन. अ म्हणजे लॅप अधिक लीड, तो कधीच बदलत नाही. ब ड्रायव्हरच्या हातात. θ शून्य असताना साइन शून्य, म्हणून ब काहीही असला तरी झडप अ वरच. आजोबांची बोट ठेवायची चाचणी या एका ओळीत आहे! आणि ब ऋण केला की इंजिन उलटं.

ब लहान करत गेलं की एकूण चाल लहान होते, म्हणून कट-ऑफ लवकर होतो. पण त्याबरोबर पोर्ट उघडतंही कमी. २० टक्के कट-ऑफला पोर्ट पूर्ण उघडत नाही, फट जेमतेम. वेगात वाफ त्या फटीतून पिळून जाते आणि दाब आत पोचेपर्यंत पडतो. या गिअरची ही खरी मर्यादा आहे आणि तिच्यावर इंजिनिअर मंडळी पन्नास वर्षं झगडली.

प्रत्यक्षात कनेक्टिंग रॉडच्या तिरकेपणामुळे चाल शुद्ध कोसाइन नसते, त्यामुळे पुढच्या आणि मागच्या बाजूचा कट-ऑफ थोडा वेगळा पडतो. ते जुळवायला पिनांच्या जागा मिलिमीटरने सरकवतात.

---

दूरदेशी_पुणेकर

मी इंग्लंडमध्ये राहतो आणि शनिवार-रविवारी एका जतन केलेल्या रेल्वेवर विनावेतन काम करतो. गणितवेडी म्हणतात त्या मर्यादेवरचा उपाय इथे रोज बघतो: लॅप मोठा ठेवायचा आणि झडपेची पूर्ण चालही लांब ठेवायची. मग कमी कट-ऑफलाही पोर्ट बऱ्यापैकी उघडतं आणि वापरलेल्या वाफेलाही बाहेर पडायला मोकळी वाट मिळते.

ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या चर्चवर्डने स्विंडनला हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच केलं होतं. बाकीच्यांना पटायला वेळ लागला. १९२५ मध्ये ग्रेट वेस्टर्नचं 'पेंडेनिस कॅसल' लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेच्या मार्गावर तिथला मुख्य इंजिनिअर ग्रेसली याच्या मोठ्या 'पॅसिफिक' प्रकारच्या इंजिनांसमोर चालवलं. आकाराने लहान असलेलं कॅसल कमी कोळशात तेच काम करून गेलं. त्यानंतर ग्रेसलीच्या इंजिनांचे गिअर लांब चालीचे केले गेले आणि कोळसा लक्षणीय वाचला. बॉयलर तोच, चाकं तीच. बदलली ती फक्त झडपेची चाल. मला ही गोष्ट कितीही वेळा सांगितली तरी कंटाळा येत नाही.

ग्रेसलीच्या तीन सिलेंडरच्या इंजिनांत मधल्या सिलेंडरला स्वतंत्र गिअरच नाही. बाहेरच्या दोन झडपांच्या चाली एका दोनास एक लिव्हरने एकत्र करून मधल्या झडपेची चाल मिळवतात. पुन्हा बेरीजच. नवं असताना उत्तम, पण पिना झिजल्या की प्रत्येक पिनेचा ढिलेपणा मधल्या झडपेवर जाऊन साठतो. वेगात ती झडप हवी त्यापेक्षा जास्त धावते आणि मधला सिलेंडर वाजवीपेक्षा जास्त भार घेतो. १९३८ साली ताशी १२६ मैलांचा विक्रम करणाऱ्या 'मॅलार्ड'चं मधलंच बेअरिंग तापलं होतं.

---

वळणावरचा_सिग्नल

हे वॉलशार्ट्स कोण होते?

---

दूरदेशी_पुणेकर

एगीड वॉलशार्ट्स. बेल्जियमचे, जन्म १८२० चा, मेखेलन गावचे. ब्रसेल्सच्या सरकारी रेल्वेच्या कारखान्यात फोरमन. १८४४ मध्ये, म्हणजे चोविसाव्या वर्षी, त्यांनी हा गिअर काढला. त्यांच्या दर्जाच्या सरकारी नोकराला स्वतःच्या नावाने पेटंट घेता येत नव्हतं, म्हणून फिशर नावाच्या इंजिनिअरने ते घेतलं. पुढे १८४९ मध्ये जर्मनीत होयझिंगर यांनी स्वतंत्रपणे जवळपास तीच रचना काढली, म्हणून जर्मन लोक याला आजही होयझिंगर गिअर म्हणतात.

वॉलशार्ट्सच्या शोधाच्या दोनच वर्षं आधी, १८४२ मध्ये, न्यूकॅसलला रॉबर्ट स्टीव्हन्सनच्या कारखान्यात दुसरा प्रसिद्ध गिअर जन्मला होता. नाव स्टीव्हन्सन लिंक, पण कल्पना कारखान्यातल्या विल्यम विल्यम्स आणि विल्यम होव यांची. त्याआधीच्या इंजिनांत दांड्याच्या टोकाला आकडे असायचे, पुढचा आकडा अडकवायचा किंवा मागचा. दिशा बदलायची, कट-ऑफ नाही. दोन टोकांच्या मध्ये डाय कुठेही थांबवता येतो, म्हणजे काटकसरही करता येते, हा शोध त्या लिंकबरोबर पदरात पडला.

मला वाटतं, दोन्ही शोध कारखान्याच्या जमिनीवर उभं राहून काम करणाऱ्या माणसांचे आहेत, हे विसरलं जाऊ नये.

---

शेड_नंबर_चार

स्टीव्हन्सनचा गिअर जुन्या इंजिनांत चाकांच्या मध्ये, फ्रेमच्या आत असायचा. एका सिलेंडरला दोन एक्सेंट्रिक (धुरीवर केंद्राबाहेर बसवलेल्या चकत्या), म्हणजे धुरीवर चार. तेल द्यायला पिटमध्ये उतरून, अंग वाकवून, दिवटीच्या उजेडात हात घालावा लागायचा. मी फार थोड्यांवर केलं, पण जुने लोक सांगायचे. वॉलशार्ट्स बाहेर असतो. चालत जायचं, तेलाची बुधली घ्यायची, एकेक पिन हाताने चाचपायची. कुठली पिन गरम लागते ते हाताला कळतं. बाहेरच्या गिअरचा आमच्यासारख्यांना सगळ्यात मोठा फायदा हा.

---

गणितवेडी

तरी स्टीव्हन्सनच्या बाजूने एक मुद्दा मांडते. त्यात गिअर मागे घेतला की लीड वाढतं, वॉलशार्ट्समध्ये ते कायम राहतं. ग्रेट वेस्टर्नच्या दोन सिलेंडरच्या इंजिनांत याचा मुद्दाम उपयोग केला होता. पूर्ण गिअरला लीड ऋण, म्हणजे दट्ट्याने टोक सोडल्यावरच वाफ आत. त्यामुळे ती जड गाडी घेऊन चढावर खंबीरपणे उठायची. वेगात लीड आपोआप वाढायचं, जेव्हा ते हवंच असतं. त्यामुळे वॉलशार्ट्स सरसकट श्रेष्ठ असं मी म्हणणार नाही. तो सांभाळायला सोपा आहे, आणि जगाने त्यासाठी तो निवडला.

---

खटपट्या

मला एक वाद उकरायचा आहे. पुस्तकं सांगतात की रेग्युलेटर पूर्ण उघडा ठेवावा आणि ताकद फक्त कट-ऑफने कमी करावी. पण मी ऐकलं आहे की जुने ड्रायव्हर उलट करायचे, रेग्युलेटर अर्धा आणि गिअर थोडा लांब. मग ते अडाणी होते का?

---

शेड_नंबर_चार

अजिबात नाही. पुस्तक नव्या इंजिनासाठी बरोबर आहे. ओव्हरहॉल होऊन आलेलं इंजिन २० टक्क्यांवर पूर्ण रेग्युलेटरने लोण्यासारखं धावायचं. पण लाखभर मैल धावलेल्या इंजिनात प्रत्येक पिन सैल असते. २० टक्क्यांवर आणलं की ठोकणं सुरू. रॉड आदळतात, फूटप्लेट थरथरते, बसायची जागा हातोडीसारखी अंगावर येते. शिवाय गिअर मध्याजवळ आला की सुटायची वाफ लवकर कोंडली जाते आणि दट्ट्यासमोर दाबली जाते. ड्रायव्हर मग ३० टक्क्यांवर ठेवायचा आणि रेग्युलेटर थोडा आवळायचा. कोळसा थोडा जास्त, पण इंजिन शाबूत घरी यायचं. इंजिन काय मागतंय ते ऐकून चालवायचे ते लोक.

आणखी एक. उतारावर रेग्युलेटर बंद केला की गिअर पुन्हा लांब टाकायचा. का? दट्ट्या तर फिरतोच आहे, वाफ नाही. गिअर मध्यावर ठेवला तर सिलेंडर पंपासारखा ओढतो आणि स्मोकबॉक्समधली (धुराड्याखालच्या पेटीतली) राख-काजळी ब्लास्ट पाइपमधून उलटी आत खेचतो. झडपेच्या रिंगा त्या राखेने खराब होतात. नवीन माणसाला हे दहा वेळा सांगावं लागायचं.

---

नात_भुसावळची

काका, तुमचं हे वाचून आईला दाखवलं. तिने ते दोनदा वाचून घेतलं. "राख ओढतो" हे वाक्य आजोबांच्या तोंडी होतं म्हणाली.

---

मूर्तिजापूर_जंक्शन

आमच्या यवतमाळ–मूर्तिजापूर नॅरो गेजवर १५ एप्रिल १९९४ ला डिझेल लागलं, तोपर्यंत वाफेचं इंजिन होतं. लहानपणी गाडी सुटताना मी इंजिनाशेजारून धावायचो. सगळ्यात आवडायची ती खाचेतली लिंक. मोठे दांडे गरगर फिरायचे आणि ती मात्र बसल्याजागी मान डोलवल्यासारखी झुलायची. आज पहिल्यांदा कळलं की ती काय करत होती. धन्यवाद.

---

निळा_डोंगर

नीलगिरी रेल्वेचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मेट्टुपालयम–उटी मार्गावरची एक्स वर्गाची इंजिनं, मूळची स्वित्झर्लंडच्या विंटरथूरची. कल्लार ते कुन्नूर दातेरी पट्टीचा चढ आहे, १२ ला १. या इंजिनाला चार सिलेंडर, एकावर एक. खालचे नेहमीची चाकं फिरवतात, वरचे दातेरी चाकं. चढावर खालच्या सिलेंडरमधून सुटलेली वाफ थेट धुराड्यात न जाता वरच्या सिलेंडरमध्ये जाते आणि तिथे पुन्हा काम करते. बाहेरून बघितलं तर प्रत्येक बाजूला दांड्यांचे दोन संच, वेगवेगळ्या लयीत चालताना दिसतात. दातेरी पट्टी संपली की वरचा संच थांबतो आणि फक्त खालचा चालतो. कुन्नूरच्या फलाटावर उभं राहून हे एकदा तरी बघावं.

---

दूरदेशी_पुणेकर

मूळ लेखातल्या चौथऱ्यावरच्या इंजिनांवरून एक मनातली खंत. गेल्या भारतभेटीत असंच एक डब्ल्यूपी बघितलं, गाव आणि जागा सांगत नाही. रंग सुरेख दिलेला. पण उजव्या बाजूला क्रँकपिन खाली असताना रिटर्न क्रँक सिलेंडरकडे झुकलेला आणि डावीकडे त्याच स्थितीत उलट, मागे झुकलेला असावा असं बसवलेलं. दोन्ही एकाच वेळी बरोबर असूच शकत नाहीत.

नियम सोपा आहे. पिस्टन व्हॉल्व्ह (दट्ट्यासारखी गोल झडप) असेल आणि वाफ मधून आत येत असेल, तर क्रँकपिन तळाला असताना रिटर्न क्रँक बहुतेक इंजिनांत पुढे, सिलेंडरकडे झुकतो. वाफ बाहेरच्या कडांनी आत येणारी सरकती झडप असेल तर मागे. डब्ल्यूपीमध्ये वाफ मधून येते. मधून वाफ घेण्याचा फायदा असा, की झडपेच्या दांड्याच्या पॅकिंगवर पूर्ण बॉयलरचा दाब येत नाही, फक्त सुटलेल्या वाफेचा येतो. म्हणून गळती कमी.

कुणीतरी हलवताना काढून पुन्हा बसवलेलं असणार. ते इंजिन वाफेवर चालवलं असतं तर एका बाजूने पुढे आणि दुसऱ्या बाजूने मागे जायला बघितलं असतं. समोरच्या पाटीवर वजन, लांबी, वर्ष सगळं आहे. पण त्या इंजिनाला चालवणारी एक गोष्ट उलटी बसली आहे हे कुणाला जाणवत नाही, याचं वाईट वाटतं. मी संबंधितांना पत्र आणि रेखाचित्र दिलं आहे.

---

नात_भुसावळची

हे वाचून उठले आणि माझे फोटो काढून बघितले. आमच्या इंजिनाच्या दोन्ही बाजू जुळतात. हायसं वाटलं.

---

खडूफळा

मी आठवी-नववीला विज्ञान शिकवतो. या धाग्यावरून पुठ्ठ्याचं मॉडेल करायला घेतलं आहे. मापं तपासून द्याल का? क्रँकचं वर्तुळ ७० मिमी व्यासाचं. कॉम्बिनेशन लिव्हर ७२ मिमी, वरच्या पिनेपासून ९ मिमी खाली झडपेची पिन. लिंकची खाच रेडियस रॉडच्या लांबीच्या त्रिज्येने कापली आहे.

---

गणितवेडी

मापं बरोबर आहेत सर. ९ आणि ७२ म्हणजे एकास आठ. ७० मिमी धावेला झडप पावणेनऊ मिमी हलेल, म्हणजे मध्यापासून प्रत्येक बाजूला ४.४ मिमी. लॅप ३.८ ठेवा, लीड ०.६ उरेल. लीड डोळ्याला दिसायला हवं असेल तर सगळं दुप्पट करा. पोर्टच्या जागी पुठ्ठ्याला खिडक्या कापा आणि मागे लाल कागद लावा, म्हणजे "वाफ" दिसेल.

---

खडूफळा

दुप्पट केलं. आज वर्गात नेलं. पहिल्या प्रयत्नात इंजिन डेड सेंटरला धरून रिव्हर्सर हलवला, तर झडप जवळपास चार मिमी सरकली. मुलं कारण शोधायला लागली. एका मुलीने सांगितलं की रिटर्न क्रँकची टाचणी काटकोनात नाही, थोडी पुढे टोचली गेली आहे. टाचणी काढून पुन्हा लावली. मग तिनेच क्रँक टोकाला आणला, झडपेवर बोट ठेवलं, दुसऱ्या हाताने रिव्हर्सर पूर्ण पुढून पूर्ण मागे नेला, आणि म्हणाली, "सर, आता हलत नाही."

---

शेड_नंबर_चार

तिला माझ्याकडून शाबासकी सांगा. फिटर झाली.